कुठला ब्लॅक फ्रायडे?

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की मोबाइल शांत बसत नाही. ‘अर्ली अ‍ॅक्सेस सुरू’, ‘फक्त तुझ्यासाठी ७० टक्के ऑफ’, ‘कार्टमधले बूट तुला मिस करतायत’. बूट मला मिस करतायत! कॉलेजच्या ग्रुपवर असाइनमेंटची पीडीएफ मागितली तर दोन दिवस कुणी उत्तर देत नाही, पण कूपन कोड टाकला की मिनिटभरात दहा-बारा अंगठे वर.

याच आठवड्यात आणखी एक तारीख येते. २०२५ साली २६ नोव्हेंबर बुधवारी आला आणि ब्लॅक फ्रायडे शुक्रवारी, २८ ला. २०२१ साली तर दोन्ही एकाच दिवशी आले होते. म्हणजे सकाळी स्टेटसला मेणबत्ती आणि संध्याकाळी त्याच स्टेटसला शॉपिंग बॅग. दोन्ही खाली तेच हार्ट.

‘झालं, आता लेक्चर सुरू’ असं वाटलं असेल, तर थांबा. मलाही सेल आवडतो. इंटर्नच्या मानधनात बूट घ्यायचे तर सेलशिवाय दुसरा रस्ता नाही. दिवाळीच्या आधी दादरला रानडे रोडवर पाय ठेवायला जागा नसते, तरी मी दरवर्षी जाते आणि भावही करते. तेव्हा खरेदी करणाऱ्यांना नावं ठेवायला हा लेख नाही. माझी कुरकुर वेगळीच आहे. सणाचा बाजार आणि दहशतवादाविरुद्धची लढाई, या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच दारात उभ्या असतात. आणि दोन्ही आपण सारख्याच यांत्रिकपणे उरकतो.

नाव त्यांचं, शुक्रवार आपला

ब्लॅक फ्रायडे हे नाव अमेरिकेतलं. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि दुसऱ्या दिवसापासून ख्रिसमसची खरेदी सुरू होते. फिलाडेल्फियाचे पोलिस त्या दिवशीच्या ट्रॅफिकला आणि गर्दीला वैतागून ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणायचे. म्हणजे हे नाव मुळात कुरकुरीतूनच आलंय. पुढे दुकानदारांनी ते उचललं आणि गोड करून टाकलं. आपल्याकडे ना थँक्सगिव्हिंग, ना त्या गुरुवारची सुट्टी. लग्न त्यांच्याकडे, आहेर मात्र आपल्याकडून.

पण मुंबईला स्वतःचा ब्लॅक फ्रायडे आहे, आणि तो त्याच नावाने ओळखला जातो. १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. त्यानंतर जेमतेम दोन तासांत काथा बाजार, शिवसेना भवनाजवळचा पेट्रोल पंप, एअर इंडियाची इमारत, वरळीचं सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, दादरचं प्लाझा, सहार विमानतळ... शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हादरत गेलं. २५७ माणसं गेली, सातशेहून जास्त जखमी झाली. एस. हुसैन झैदींनी यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘ब्लॅक फ्रायडे’. अनुराग कश्यपने त्यावर सिनेमा काढला, तोही ‘ब्लॅक फ्रायडे’. खटला कोर्टात होता म्हणून तयार झालेला सिनेमा अडकून पडला आणि थेट फेब्रुवारी २००७ मध्ये थिएटरला लागला.

आमची आजी प्लाझापासून चालत पाच मिनिटांवर राहते. गेल्या वर्षी मी तिला विचारलं, “आजी, ब्लॅक फ्रायडेला तुझ्यासाठी काही मागवू का?” ती म्हणाली, “काळा शुक्रवार म्हणजे तो प्लाझाचा ना? त्याचा कसला गं सेल?” तिला चिडायचं नव्हतं, तिला खरंच कळलं नव्हतं. मग तिने सांगितलं, की त्या दुपारी स्वयंपाकघरातली मांडणीवरची भांडी खाली आली, आजोबा फोर्टातल्या ऑफिसातून रात्री चालत घरी पोचले आणि तोपर्यंत चाळीतल्या सगळ्या बायका जिन्यात बसून होत्या.

आता कुणी म्हणेल, शब्द काय, बदलत राहतात. खरंय. पण एखादा शब्द बदलतो तेव्हा आधीचा अर्थ कुठेतरी लिहून ठेवलेला असावा, एवढी तरी अपेक्षा करावी की नाही? माझ्या वर्गातल्या साठ जणांना ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हटल्यावर काय आठवतं, असं मी विचारलं. सिनेमा आठवणारे निघाले, तारीख सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. आणि आम्ही पत्रकारिता शिकतोय!

सणाच्या आदल्या संध्याकाळी

बाजार आणि बॉम्ब यांचं नातं फक्त नावापुरतं नाही. गर्दी जिथे, स्फोट तिथे. आणि आपल्याकडे सर्वांत मोठी गर्दी सणाच्या आदल्या दिवसांत होते.

दिल्लीत २९ ऑक्टोबर २००५ ला, दिवाळी दोन-तीन दिवसांवर असताना, सरोजिनी नगर आणि पहाडगंजच्या बाजारांत स्फोट झाले. साठहून जास्त लोक गेले. त्यातले बरेचसे कपडे, मिठाई, पणत्या घ्यायला आलेले होते. मालेगावात २९ सप्टेंबर २००८ ला, रमजान संपत आला असताना, भिक्कू चौकात स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ला, व्हॅलेंटाइन डेच्या आदल्या संध्याकाळी, कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत टेबलाखाली ठेवलेल्या बॅगेचा स्फोट झाला. शनिवार होता, टेबलं भरलेली होती. १७ जण गेले, त्यांत आपल्याच वयाची मुलं होती. २०१२ मध्ये पुण्यातच जंगली महाराज रस्त्यावर कमी तीव्रतेचे स्फोट झाले, ते रक्षाबंधनाच्या आदल्या संध्याकाळी. बर्लिनमध्ये डिसेंबर २०१६ मध्ये ट्रक घुसवला तोही ख्रिसमसच्या बाजारात.

दिवाळी, रमजान, व्हॅलेंटाइन, राखी, ख्रिसमस. बॉम्ब ठेवणाऱ्याला सण कुठल्या धर्माचा, याच्याशी देणंघेणं नसतं असं नाही. पण एक गोष्ट त्याला नक्की हवी असते. सगळे घाईत असावेत आणि सगळ्यांच्या हातात पिशव्या असाव्यात. एका पिशवीकडे कोण लक्ष देणार?

आता आपल्या सेलची रचना बघा. ‘शेवटचे दोन तास’, ‘फक्त तीन पीस शिल्लक’, काउंटडाउनचं लाल घड्याळ. सगळा खेळ तुम्हाला घाईत ठेवण्याचा. २००६ साली २६ जानेवारीला एका साखळी दुकानाने ‘सगळ्यात स्वस्त दिवस’ सुरू केला आणि तेव्हापासून राष्ट्रीय सणांनाही सेल चिकटला तो चिकटलाच. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट हे पोलिसांच्या डायरीत हाय अलर्टचे दिवस. दुकानांच्या डायरीत ते ‘फ्रीडम सेल’चे दिवस. ज्या दिवशी सगळ्यांनी डोळे उघडे ठेवायचे, त्याच दिवशी डोळे दिपवायचे.

दारातले काका

मागच्या शनिवारी मी एका मॉलच्या दारात तासभर उभी राहिले. नाव देत नाही, कारण बहुतेक मॉलमध्ये हेच दिसेल. दारात मेटल डिटेक्टरची चौकट. प्रत्येक माणूस त्यातून जाताना ती वाजत होती. किल्ल्या, पट्टा, मोबाइल, कशानेही. तासाभरात ती वाजली म्हणून एकालाही थांबवलं गेलं नाही. बॅगेचा एक कप्पा उघडायचा, आत काठी फिरवायची, पुढे. माझ्या बॅगेला चार कप्पे आहेत. लोक बॅग पुढे करत होते ती फोनवरचा डोळा न काढता. तपासणाऱ्याचा चेहरा बघणारा माणूस मला तासाभरात दिसला नाही. मीही एरवी बघत नाही.

तिथले सिक्युरिटीवाले काका थोडे मोकळे झाल्यावर बोलले. ड्यूटी बारा तासांची. बसायला खुर्ची नाही, कारण ‘बरं दिसत नाही’. सेलच्या आठवड्यात रांग वाढली की आतून निरोप येतो, लाइन हलवा. प्रशिक्षण? दोन दिवस, त्यातला एक सलाम कसा करायचा त्यात गेला. खरंच काही सापडलं तर काय करायचं, असं विचारल्यावर ते म्हणाले, सुपरवायझरला सांगायचं. सुपरवायझर कुठेत? दुसऱ्या गेटवर.

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. रक्षकांना रीतसर प्रशिक्षण देणं त्यात बंधनकारक आहे. मॉलच्या आत एकेका शोरूमच्या सजावटीवर होणारा खर्च डोळ्यांना दिसतो. दारातल्या माणसावर काय खर्च होतो, तेही दिसतं. काकांवर माझा राग नाही. राग आहे तो या नाटकावर. आपण तपासून घेतल्यासारखं करायचं, त्यांनी तपासल्यासारखं करायचं, आणि दोघांनी मिळून सुरक्षित वाटून घ्यायचं.

लक्ष देणारा एक माणूस काय करू शकतो, हेही त्याच २००५ च्या दिल्लीत दिसलं होतं. त्याच संध्याकाळी गोविंदपुरीत एका बसमध्ये बेवारस बॅग दिसली. ड्रायव्हर आणि कंडक्टरने प्रवाशांना खाली उतरवलं. स्फोट झाला, पण प्रवासी वाचले. बॅग बाहेर काढताना ड्रायव्हरची दृष्टी गेली. २६/११ च्या रात्री सीएसटीवर लोकलच्या फलाटांचे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइक सोडला नाही. गोळ्यांचा आवाज ऐकून ते प्रवाशांना सांगत राहिले, की पुढे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. कंडक्टर, उद्घोषक, लाठीवाला पोलिस. यातलं कुणीही कमांडो नव्हतं. आपलं रोजचं काम लक्ष देऊन करणारी ही माणसं.

स्पिरिटवर डिस्काउंट

दरवेळी काही झालं, की आपण ‘स्पिरिट ऑफ मुंबई’ बाहेर काढतो. १९९३ च्या त्या शुक्रवारनंतर सोमवारी शेअर बाजार उघडला, २००६ च्या लोकल स्फोटांनंतर दुसऱ्या दिवशी गाड्या भरून गेल्या, हे अभिमानाने सांगितलं जातं. झवेरी बाजारावर तर तीनदा घाव झालाय. १९९३, मग २५ ऑगस्ट २००३, मग १३ जुलै २०११. तिन्ही वेळा बाजार पुन्हा उभा राहिला. पण तिथे सोनं घडवणारा कारागीर, बोळात चहा विकणारा, हातगाडी ओढणारा दुसऱ्या दिवशी आला तो स्पिरिट दाखवायला नाही. न येण्याची त्याला सोय नव्हती. घरभाडं स्फोटासाठी थांबत नाही. त्याच्या नाइलाजाला आपण शौर्याचं लेबल लावतो आणि मग ते लेबल टी-शर्टवर छापून विकतो.

खरेदी म्हणजेच देशभक्ती, ही कल्पनाही आपली नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अमेरिकन लोकांना विमानप्रवास सुरू ठेवा, कुटुंबाला घेऊन डिस्ने वर्ल्डला जा, असं आवाहन केलं होतं. घाबरून घरात बसू नका, हा त्यातला अर्थ बरोबरच आहे. बाजार बंद पडावेत, हेच तर दहशतवाद्यांना हवं असतं. पण ‘घाबरू नका’ आणि ‘विसरा आणि खर्च करा’ यांत फरक आहे, आणि तो फरक आपल्याकडे पुसट होत चाललाय.

२०२५ चंच घ्या. २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरनमध्ये सुट्टीवर गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला. २६ जण गेले, त्यातले सहा महाराष्ट्रातले, डोंबिवली, पनवेल, पुण्यातले. ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं आणि त्याच दिवशी या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज दाखल झाले. एका बड्या उद्योगसमूहाने टीका झाल्यावर आपला अर्ज मागे घेतला. ज्या घरांतलं कुंकू पुसलं गेलं, त्यांच्यासाठी ठेवलेलं ते नाव. चोवीस तासही थांबवलं नाही कुणाला.

जी लढाई रीलवर दिसत नाही

२६/११ नंतर काहीच झालं नाही, असं म्हणणं चूक ठरेल. एनआयएची स्थापना झाली, राज्याची ‘फोर्स वन’ उभी राहिली, मुंबईत एनएसजीचं केंद्र आलं, २०१६ पर्यंत शहरात साडेचार हजारांहून जास्त सीसीटीव्ही लागले. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये, १० तारखेला, दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला आणि मुंबईच्या स्टेशनांवर पुन्हा श्वानपथकं दिसू लागली. म्हणजे लढाई चालूच आहे. फक्त तिचा कंटाळवाणा भाग आपण बघत नाही.

तो भाग तपासात आणि कोर्टात आहे. ११ जुलै २००६ ला लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत ११ मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून जास्त माणसं गेली. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा जन्म तेव्हा नुकताच झाला होता. २०२५ मध्ये २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या सर्व १२ जणांना निर्दोष सोडलं, कारण सरकारी पक्ष गुन्हा सिद्ध करू शकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींची विशेष न्यायालयाने सुटका केली. तिथेही पुरावा पुरेसा ठरला नाही.

या दोन निकालांवरून आपल्या फीडवर काय झालं, ते तुम्ही बघितलंच असेल. ज्याला जो निकाल सोयीचा, त्याने तो साजरा केला. मला मात्र दोन्हीकडे एकच प्रश्न दिसतो. मग बॉम्ब ठेवले कुणी? लोकलमधल्या मुलाच्या आईला एकोणीस वर्षांनी आणि मालेगावातल्या बापाला सतरा वर्षांनी याचं उत्तर नाही. आणि पुरावा नसताना कुणी इतकी वर्षं आत काढली असतील, तर त्या वर्षांचं काय, हाही त्याच प्रश्नाचा दुसरा भाग. दहशतवादाविरुद्धची लढाई जिंकायची तर पंचनामा नीट लिहिणारा हवालदार, नमुने जपणारी लॅब आणि वेळेवर उभा राहणारा साक्षीदार लागतो. याचं रील बनत नाही. यावर कूपनही मिळत नाही.

मग करायचं काय? सेलवर बहिष्कार टाकून काही होणार नाही. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. आपल्या कॉलेज फेस्टला दारात उभे राहणारे रक्षक किती तासांच्या ड्यूटीवर आहेत, आपत्कालीन दार उघडं आहे की तिथे स्पॉन्सरचा स्टॉल लागलाय, हे आयोजक म्हणून आपणच बघू शकतो. डिसेंबर-जानेवारी म्हणजे फेस्टचाच सीझन. मॉलमध्ये बॅग पुढे करताना चारही कप्पे उघडू शकतो, आणि तपासणाऱ्याकडे बघूही शकतो. लोकलच्या रॅकवरच्या बॅगेबद्दल ‘ही कुणाची?’ असं मोठ्याने विचारायला फार तर थोडी लाज वाटेल. मास मीडिया, लॉ शिकणाऱ्यांनी एक खटला निवडून त्याच्या तारखा पाळल्या, तर ते कुठल्याही हॅशटॅगपेक्षा जास्त टिकेल. आणि एखाद्या ब्रँडने २६/११ च्या फोटोवर स्वतःचा लोगो चिकटवलेला दिसला, तर खाली एक सरळ कमेंट लिहायला पैसे पडत नाहीत.

मी या शुक्रवारी बूट घेणार आहे. चाळीस टक्के ऑफ आहे आणि जुन्याचा तळ सुटलाय. पण बुधवारी आजीकडे जायचं ठरवलंय. १९९३ च्या त्या दुपारी चाळीत कोण कुठे होतं, कोण परत आलं आणि कोण नाही, हे तिच्याकडून नीट लिहून घ्यायचंय. तुमच्या घरातही असं आठवणारं कुणीतरी असेल. त्यांना विचारा. यावर काउंटडाउन लावलेला नाही, पण स्टॉक खरोखरच मर्यादित आहे.